सदोष बांधणी

काही माणसांना उघडं भांडं बघवत नाही, काहींना भिंतीवरची वाकडी तसबीर बघवत नाही. बाइंडरकाकांना सुटा कागद बघवत नसे. विजेची बिलं असोत, डॉक्टरच्या चिठ्ठ्या असोत, नाहीतर दारात कुणी टाकून गेलेल्या जाहिराती असोत. चार कागद एके ठिकाणी दिसले की त्यांच्या बोटांना खाज सुटायची आणि संध्याकाळपर्यंत त्या चौघांना पुठ्ठा, पाठ आणि शिलाई लाभलेली असायची. घरातल्या वाणसामानाच्या याद्यांचासुद्धा पहिला खंड तयार झाला होता. देव माणसाला एखादा गुण देताना त्याच्याच पोटात एक खोड शिवून देतो. गुण कुठे संपतो आणि खोड कुठे सुरू होते तिथली शिलाई इतकी बारीक असते, की ज्याची त्याला ती जन्मात दिसत नाही. बायकोला मात्र लांबूनही दिसते.

काका आणि काकू या शहरात आले त्याला अकरा वर्षं झाली होती. काकांना पंधरा दिवसांत पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम मिळालं, कारण खळीला भाषा लागत नाही. काकू एका पाळणाघरात लागल्या. तिथे त्या पोरांची नाकं पुसत, त्यांना बुटांचे बंद बांधायला शिकवत, मोजायला शिकवत, रडणाऱ्याला गाणं म्हणून हसवत. पण कागदावर त्या होत्या ‘मदतनीस’. कागदावर जी ‘शिक्षिका’ होती ती दिवसातून दोनदा दारातून डोकावायची, घड्याळ बघायची आणि जायची. काकूंना शिक्षिका व्हायचं तर पदवी हवी, पदवीला विद्यापीठ हवं, आणि विद्यापीठाला हवी तिकडच्या शाळेची शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका. त्यातही मेख अशी, की तिकडच्या त्या जुन्या पद्धतीच्या गुणपत्रिका यंदापुरत्याच चालणार होत्या. पुढच्या वर्षापासून दार बंद.

एका रविवारी कपड्यांच्या घड्या घालता घालता काकू म्हणाल्या, “मी अर्ज करतेय.”

“कसला?”

“विद्यापीठात. माझ्या वयाच्या बायकांनाही घेतात म्हणे.”

“घेतात म्हणजे? नशीब त्यांचं!” काका म्हणाले, आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं होतं. तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भरल्या मनाने माणूस जरा जास्तच बोलतो. काका पुढे म्हणाले, “अगं, कागदांचं सगळं माझ्यावर सोपव. कागदात माझं आयुष्य गेलंय.”

पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं.

विद्यापीठाच्या यादीत अकरा कागद होते. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, इथे राहण्याचा परवाना, पत्त्याचा पुरावा, पाळणाघराचं अनुभवपत्र, गुणपत्रिका, गुणपत्रिकेचं इकडच्या भाषेतलं शिक्क्यासकट भाषांतर, आणि असेच. पत्त्याचा पुरावा काकांच्या नावावर निघाला, म्हणून काकू काकांबरोबर राहतात याचा वेगळा पुरावा आणावा लागला. तो द्यायला घरमालक तयार होईनात, कारण त्यांच्या मते काका घरात नसतातच, काकूच राहतात. भाषांतरकाराने ‘चित्रकला’ या विषयाचं भाषांतर असं काही केलं, की काकूंनी शाळेत भिंती रंगवल्या असं वाचणाऱ्याला वाटावं. ते बदलून घ्यायला दोन खेपा झाल्या. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळते का म्हणून काकूंनी तिकडे बहिणीला फोन लावला.

“शाळा?” बहीण म्हणाली. “अगं ताई, शाळा बंद पडून सहा वर्षं झाली. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे.”

“आणि दप्तर?”

“कुठल्या कचेरीत गेलं ते देवाला ठाऊक. मी गादी आणायला गेले होते तेव्हा विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, कापूस आहे, कागद नाहीत.”

म्हणजे जगात एकच गुणपत्रिका. ती काकूंनी एवढी वर्षं साडीच्या घडीत, मग बॅगेच्या तळाशी, मग उशीच्या अभ्र्यात जपली होती.

अशा वेळी सल्ला द्यायला जो माणूस लागतो तो देवाने वरच्या मजल्यावर आधीच ठेवलेला होता. हे आजोबा कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले. कुणीही कसलंही काम काढलं की ते शेवटी “आणि याला एक परिशिष्ट जोडा” असं म्हणत, म्हणून अख्खी इमारत त्यांना ‘परिशिष्ट’ म्हणत असे. आजोबा खाली आले, टेबलावर पसरलेले अकरा कागद त्यांनी पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

“असे सुटे नेणार?”

“मग कसे नेऊ?” काका म्हणाले.

“अहो, मी पस्तीस वर्षं खिडकीच्या आत बसलोय. सुटे कागद खिडकीतून आत जातात अकरा आणि टेबलावर पोचतात नऊ. मधले दोन कुठे जातात ते मलाही निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. एकत्र करा. घट्ट करा. आणि एक परिशिष्ट जोडा.”

घट्ट करा! बुडत्याला काडी द्यावी तसं हे नव्हतं. पोहणाऱ्याला धरण फोडून दिल्यासारखं होतं.

शनिवारी काकू पाळणाघरात गेल्यावर काका अकराही कागद घेऊन कारखान्यात गेले. अर्धा दिवस सुटीचा. मालकाने किल्ली देऊन ठेवलेली. आता काकांच्या हातांनी काय केलं ते नीट ऐका, कारण त्यात चूक म्हणावी असं काहीच नाही. धंद्यात जे करतात तेच त्यांनी केलं. कागद ठोकून डाव्या कडेला जुळवले. जाड दोऱ्याने शिवले. मग तीन बाजू सारख्या करायला कापणीच्या यंत्राखाली धरले, आणि सगळ्यांत आखूड जो जन्माचा दाखला, त्याचं माप धरून पातं खाली आणलं. खच्चकन आवाज झाला. काकांच्या कानाला त्या आवाजाइतकं गोड काही लागत नसे. वर तांबडं कापड, कापडावर सोनेरी अक्षरं: ‘प्रवेशासाठी’.

कातरणीतल्या तीन जाड पट्ट्या बाजूला पडल्या होत्या. जाड कागद फुकट घालवणं म्हणजे काकांच्या हिशेबी अन्न टाकणं. दुरुस्तीला आलेल्या बेचाळीस पुस्तकांच्या पाठी भरायच्या राहिल्या होत्या; पाठीला आतून अशी पट्टी लावली की पुस्तक जन्मभर वाकत नाही. त्यांनी त्या तिन्ही पट्ट्या तिथे सत्कारणी लावल्या आणि शीळ घालत घरी आले.

काकूंनी ते तांबडं पुस्तक हातात घेतलं. उघडलं. पान उलटलं. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. काकांना वाटलं, कौतुकाने.

“अहो,” काकू शेवटी म्हणाल्या, “अर्ज करायचाय. ग्रंथ नाही लिहायचाय.”

“बघच तू, त्या खिडकीतल्या बाई उठून उभ्या राहतील.”

बुधवारी ते खरं झालं. बाई उठून उभ्या राहिल्या.

“हे काय आहे?”

“प्रमाणपत्रं,” काका नम्रपणे म्हणाले. कौतुक ऐकायच्या आधी माणूस जसा नम्र होतो तसे.

“आमच्या यंत्रात एकेक कागद जातो. पुस्तक जात नाही. हे कुणी केलं?”

“हेच काम करणाऱ्या माणसाने,” काका म्हणाले. छाती तोवर पूर्ण खाली आलेली नव्हती.

बाईंनी पानं चाळली आणि गुणपत्रिकेवर थांबल्या. खालच्या कडेवर त्यांनी बोट फिरवलं, मग परत फिरवलं.

“क्रमांक कुठाय?”

“कसला क्रमांक?”

“तिकडच्या गुणपत्रिकेवर अगदी तळाशी तांबडा क्रमांक असतो. त्यावरूनच पडताळणी होते. इथे तर कागदच संपलाय. शिक्कासुद्धा अर्धा आहे.” बाई वाईट नव्हत्या; त्यांचा आवाज खाली आला. “क्रमांकाशिवाय मला हे घेता येत नाही हो. दुसरी प्रत आणा. शुक्रवारी पाचला खिडकी बंद होते.” आणि फायलीवर त्यांनी लिहिलं: क्रमांक नाही.

घरी येईपर्यंत काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. भांडण परवडतं; त्यात निदान आपली बाजू मांडता येते. घरी आल्यावर काकूंनी चपला काढल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “एवढी वर्षं उशाखाली ठेवली मी ती. तुम्ही एका शनिवारी तिची हजामत केलीत.”

काका भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर त्यांची एकुलती एक तसबीर होती. कारखान्यात दहा वर्षं झाली तेव्हा मालकाने जाड, मलईसारख्या कागदावर छापून दिलेलं पत्र: ‘यांनी बांधलेलं एकही पुस्तक आजवर तक्रार होऊन परत आलेलं नाही.’ या परक्या गावात काकांना इकडची भाषा मोडकीतोडकीच येत होती, बसमध्ये त्यांचं कुणी ऐकून घेत नसे, पण या एका ओळीखाली ते ताठ मानेने जेवत. आज तीच ओळ त्यांच्याकडे बघून हसत होती.

तेवढ्यात परिशिष्ट आजोबा खाली आले. त्यांनी सगळं ऐकलं. आपल्या सल्ल्याचा यात काही भाग आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“मग कापलेला तुकडा जोडा की,” आजोबा म्हणाले. “तुकडा कुठाय?”

काका ताडकन उभे राहिले, आणि मग तितक्याच हळू खाली बसले.

“तुकडा एका पुस्तकात आहे,” ते म्हणाले. “पुस्तकाच्या पाठीत. तीन पट्ट्या मी तीन पुस्तकांत भरल्या.”

“कुणाची पुस्तकं?” काकूंनी विचारलं.

“काल पोचवली. ग्रंथालयाची.”

“कुठल्या ग्रंथालयाची?”

काकांनी मान खाली घातली. “तुझ्याच विद्यापीठाच्या.”

कीर्तनाला बसणाऱ्यांना हे काही नवीन नाही. ज्याला माणूस रानोमाळ शोधतो तो दाराशीच उभा असतो, फक्त मधे एक पुठ्ठा असतो.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघं ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल उंच, सडपातळ आणि कुजबुजणारे होते. तिथे सगळेच कुजबुजत, त्यामुळे काकांनी आपली सगळी कर्मकथा कुजबुजत सांगितली. त्यांना इकडच्या भाषेतले अवघड शब्द आधीच येत नसत. कुजबुजताना तर सोपेही येईनात. उरलेलं काकूंनी सांगितलं.

“म्हणजे आमच्या पुस्तकांत तुमचं प्रमाणपत्र आहे?” ग्रंथपाल कुजबुजले.

“प्रमाणपत्राची दोन बोटं,” काका कुजबुजले.

“बेचाळीसमधल्या कुठल्या?”

“ते मला बघावं लागेल. म्हणजे, ऐकावं लागेल. जाड पट्टीची पाठ वेगळी वाजते.”

बेचाळीसच्या बेचाळीस पुस्तकं अजून एका ढकलगाडीवर उभी होती. काकांनी अंगठ्याचं नख पहिल्या पुस्तकाच्या पाठीवर वाजवलं. ठक. दुसऱ्याच्या. ठक. मृदंगवाला कीर्तनाआधी डोकं वाकडं करून, डोळे अर्धे मिटून पुडी जशी जोखतो, तसे ते एकेका पाठीशी कान नेत होते. शेजारच्या टेबलावरचे दोन विद्यार्थी पुस्तकं मिटून बघायला लागले. नवव्या पुस्तकाला ‘टण’ असा जरा उंच आवाज आला. काकांनी ते बाहेर ओढलं. मग चोविसावं. मग एकोणचाळिसावं. बाकीची एकोणचाळीस मुकाट ठक म्हणाली.

“या तिघांत,” काका म्हणाले आणि खिशातून पातं काढलं.

“थांबा!” ग्रंथपाल त्या इमारतीत अकरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने बोलले, आणि लगेच स्वतःच दचकून परत कुजबुजू लागले. “ग्रंथालयाचं पुस्तक असं फाडता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज भरावा लागतो. एका पुस्तकाला एक.”

अर्जावर ‘दुरुस्तीचं कारण’ या सदरात तीनच घरं होती: वाचकाने फाडले, वाळवी लागली, बांधणी सदोष.

काकांनी ती तीन घरं बराच वेळ वाचली. वाचायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला तो भाषेमुळे नव्हे.

“वाळवी चालेल का?” त्यांनी विचारलं.

“वाळवी दाखवावी लागते.”

“वाचकाने फाडलं?”

“अजून कुणी वाचलेलंच नाही.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्यांना ती भिंतीवरची ओळ पाठ होती; लग्नाच्या तारखेइतकीच पाठ. “राहू द्या हो,” त्या हळूच म्हणाल्या. “नाही झालं तर नाही झालं. मी काय आहे तिथे बरीच आहे.”

काकांनी पेन घेतलं. तिसऱ्या घरात खूण केली आणि खाली, शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर कोरत, इकडच्या भाषेत लिहिलं: ‘हे पुस्तक मी बांधलं. बांधणी सदोष आहे.’ सही केली. पातं चालवलं. पाठीतून निघाली लग्नाच्या दाखल्याची कोरी कड.

दुसरा अर्ज. ‘हे पुस्तक मी बांधलं. बांधणी सदोष आहे.’ आत पाळणाघराच्या अनुभवपत्राची कड, तीही कोरी.

तिसऱ्या अर्जाच्या वेळी काकांनी अक्षरं कोरली नाहीत. सराव झाला होता. तिसरी पाठ उघडली आणि आतून खळीने चिकटलेला, तांबड्या आकड्यांचा, अर्ध्या शिक्क्याचा तुकडा निघाला. काकू मटकन खुर्चीत बसल्या. शेजारच्या टेबलावर कुणीतरी टाळी वाजवली, आणि ग्रंथपालांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते अर्जात तळाला लिहीत होते: ‘पाठीतून निघालेली वस्तू: कागदाची पट्टी एक, क्रमांक अमुक.’ सगळे आकडे त्यांनी दोनदा ताडून लिहिले, वर ग्रंथालयाचा गोल शिक्का मारला आणि तिन्ही अर्जांच्या प्रती, परत बांधायच्या तिन्ही पुस्तकांसकट, काकांना दिल्या. माणूस नियमाचा असला म्हणजे मनाचा नसतो, असं काही नाही.

दुपारी कारखान्यात काकांनी गुणपत्रिकेला तिचं पाऊल परत जोडलं. पोथ्या दुरुस्त करताना वापरतात तो झिरझिरीत कागद मागून लावला, पातळ खळ, वर वजन. अकराही कागद सोडवले, दोऱ्याची भोकंसुद्धा बुजवली. इतकं सफाईदार काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. आणि घोटाळा झाला तो तिथेच.

शुक्रवारी साडेचारला बाईंनी गुणपत्रिका हातात घेतली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“परवा यावर क्रमांक नव्हता.”

“होता,” काका म्हणाले. “तो ग्रंथालयात होता.”

“हे पहा, मी स्वतः लिहून ठेवलंय. ‘क्रमांक नाही.’ आज आहे. आणि जोड तर कुठेच दिसत नाही.” त्यांनी अंगठा फिरवला, कागद उजेडात धरला, डोळ्यांशी नेला. “हा कागदच दुसरा आहे. कुठून आणलात?”

आयुष्यात पहिल्यांदाच काकांना वाटलं, काम जरा वाईट जमलं असतं तर बरं झालं असतं. “अहो बाई, इथे आहे जोड, इथे, नखाला लागेल बघा,” ते म्हणत होते, आणि नखाला काही लागत नव्हतं. मागे रांग वाढत होती. कुणीतरी खोकलं.

“अहो,” काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं, “ते तीन अर्ज दाखवा ना.”

“कशाला ते?” काका म्हणाले. ते तीन कागद त्यांनी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले होते, कुणाला दिसू नयेत म्हणून.

“दाखवा म्हणते ना!”

काकांनी ते काढले. बाईंनी तिसऱ्या अर्जाच्या तळाशी लिहिलेला क्रमांक वाचला, गुणपत्रिकेवरचा वाचला, आकडा आकड्याला लावला. विद्यापीठाचाच शिक्का, विद्यापीठाच्याच माणसाचं अक्षर. मग त्यांचं लक्ष वरच्या ओळीकडे गेलं. त्यांनी तिन्ही अर्ज एकापुढे एक मांडले.

“तुम्हीच बांधलंत, आणि तुम्हीच तक्रार केलीत?”

“हो.”

“तिन्ही वेळा?”

काकांनी अंगठ्याने शेजारी उभ्या काकूंकडे दाखवलं.

 बाईंनी ‘क्रमांक नाही’वर काट मारली आणि तिन्ही अर्ज एकत्र करून गुणपत्रिकेच्या मागे लावले. “हे परिशिष्ट म्हणून जोडते,” त्या म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना त्या क्षणी नक्कीच उचकी लागली असणार. मग बाईंनी टाचणीयंत्र उचललं.

“तिरकी मारू नका,” काका कळवळून म्हणाले.

“अहो, गप्प बसा!” काकू म्हणाल्या.

बाईंनी सरळ मारली. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती.

घरी आल्यावर काकूंच्या लक्षात आलं, की भिंतीवरची चौकट आहे तिथेच आहे, पण आत काही नाही.

“अहो, तुमचं पत्र कुठे गेलं?”

काका हात धूत होते. ते धुतच राहिले. “ती तीन पुस्तकं परत बांधायला हवी होती ना. पाठीला जाड कागद हवा होता. चांगला कागद होता तो,” ते म्हणाले. मग नळ बंद करून म्हणाले, “आणि आता खरंही राहिलं नव्हतं त्यावरचं.”

 काकूंनी पर्समधून अर्जाची पावती काढली. काका हात पुसत म्हणाले, “याला एक पातळसा पुठ्ठा...”

“हात लावून तर बघा!”

काकूंनी ती बोटभर चिठ्ठी, सुटीच, त्या रिकाम्या चौकटीत सरकवली. ती आत वाकडी बसली. काकांची बोटं वळवळली. पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

अडीच महिन्यांनी, वर्ग सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा, काकू संध्याकाळी घरी आल्या आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच म्हणाल्या, “ग्रंथालयात नखाने वाजवून आले. दोन सापडली.”

काकांनी हातातलं काम खाली ठेवलं. “आणि तिसरं?”

“तिसरं जागेवर नाही,” काकू म्हणाल्या. “कुणीतरी वाचायला नेलंय.”